मोत माउली, गोंयचो सायब आणि रोमची मोहोर

गोव्याला जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येक मित्रमैत्रिणीने मला कधी ना कधी हा प्रश्न विचारलाय. ओल्ड गोव्याला रस्त्याच्या एका बाजूला ते लाल दगडाचं चर्च आहे ते बॅसिलिका, आणि समोर त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं पांढरं चर्च आहे ते कॅथेड्रल, मग यातलं वरचं कुठलं? मी वसईची, जन्माने कॅथलिक, घरी मराठी, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना पण मराठीतच, त्यामुळे हे सगळं मला तोंडपाठ असणार असं लोक धरून चालतात. मी सांगतेही, पण चहा पिता पिता दोन मिनिटांत सांगून होत नाही ते, मधेच विषय बदलतो आणि खरी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहूनच जाते. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

कॅथेड्रलचं सोपं आहे. बिशपांची खुर्ची ज्या चर्चमध्ये, ते कॅथेड्रल. धर्मप्रांताचं मुख्य चर्च. गोव्यात ते से कॅथेड्रल, मुंबईत कुलाब्याचं होली नेम, आणि आमच्या वसईचा धर्मप्रांत 1998 ला मुंबईपासून वेगळा झाला तेव्हा पापडीचं चर्च आमचं कॅथेड्रल झालं. म्हणजे हा कारभाराचा भाग झाला.

बॅसिलिका हा मान आहे. तो पोप देतात, आणि बिशप तिथे बसतात की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कॅथेड्रल असूनही बॅसिलिका असू शकतं, जसं चेन्नईचं सॅन थोम, आणि ओल्ड गोव्याचं ते लाल चर्च, बॉम जेझू, बॅसिलिका आहे पण कॅथेड्रल नाही, आणि समोरचं से कॅथेड्रल आहे पण बॅसिलिका नाही. अख्ख्या जगात मेजर बॅसिलिका फक्त चार, चारही रोममध्ये. सेंट पीटर्स, सेंट जॉन लॅटरन, तटाबाहेरचं सेंट पॉल आणि सेंट मेरी मेजर. बाकी सगळ्या मायनर, आणि त्या जगभरात दीड हजारांच्या वर आहेत. मायनर म्हणून त्या कमी पवित्र वगैरे असं काही नसतं. आणि एक गोष्ट सांगितली की लोकांना पटत नाही, पण पोपचं स्वतःचं कॅथेड्रल सेंट पीटर्स नाहीये. रोमचे बिशप म्हणून त्यांची खुर्ची सेंट जॉन लॅटरनमध्ये आहे. पोप फ्रान्सिस 2025 च्या एप्रिलमध्ये गेले तेव्हा त्यांना सेंट पीटर्समध्ये पुरलं नाही, त्यांच्या इच्छेप्रमाणे सेंट मेरी मेजरमध्ये पुरलं, कारण परदेश दौऱ्यावर निघताना आणि परत आल्यावर ते तिथल्या मरियेच्या चित्रासमोर येऊन प्रार्थना करायचे. एवढा मोठा माणूस, पण बाहेरगावी जाताना आईला सांगून जायचा, आल्यावर आधी आईला भेटायचा. मला ते वाचून फार भरून आलं होतं. दगडावर नुसतं नाव आहे, फ्रान्सिस्कस, बाकी काही नाही.

मुळात बॅसिलिका ही पदवी नव्हतीच, तो इमारतीचा प्रकार होता. रोमन लोकांची मोठाली सार्वजनिक सभागृहं असायची, लांबट, आत खांबांच्या रांगा, तिथे कोर्ट चालायचं, व्यापाराचे सौदे व्हायचे. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळात ख्रिस्ती लोकांना उघडपणे एकत्र यायला परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी आपल्या प्रार्थनेसाठी रोमन देवळांचा आराखडा घेतला नाही, या सभागृहांचा घेतला. कारण साधं आहे. रोमन देऊळ आपल्या जुन्या हेमाडपंती देवळासारखं, देवाची जागा आत अंधारात लहानशी आणि माणसं बाहेर. ख्रिस्ती लोकांना सगळ्यांनी एका छपराखाली एकत्र बसून भाकर मोडायची होती, त्यांना जागा हवी होती ती माणसांसाठी. म्हणजे सुरुवातीपासूनच या प्रकाराच्या मुळाशी गर्दी आहे, आणि मला जे सांगायचंय ते याच्याभोवतीच आहे.

पदवी मिळालेली चर्च ओळखायची कशी? आत गेल्यावर वेदीच्या आसपास बघा. लाल आणि पिवळ्या रेशमी पट्ट्यांचं एक मोठं छत्र उभं असतं, अर्धं उघडलेलं. आणि एका दांड्यावर लावलेली छोटी घंटा. पूर्वी रोममध्ये पोपची मिरवणूक निघायची तेव्हा हे छत्र आणि ही घंटा पुढे चालायची. छत्र अर्धं उघडं ठेवतात कारण पोप येतील तेव्हा ते पूर्ण उघडायचं, म्हणजे हे चर्च कायम त्यांच्या वाटेकडे डोळे लावून तयार आहे असं. छत्रचामरं आणि चौघडा आपल्याला नवीन नाहीत, देवाला आणि राजाला छत्र धरायची पद्धत आपल्या हाडात मुरलेली आहे, त्यामुळे मला हे छत्र बघताना कधीच परकं वाटलं नाही. शिवाय दारावर किंवा पताकेवर पोपच्या एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन किल्ल्या असतात.

आता ही पदवी मिळवायला काय लागतं तर आधी तिथल्या बिशपांनी अर्ज करायचा, देशातल्या बिशप परिषदेचं अनुकूल मत लागतं, मग चर्चचा इतिहास, फोटो, तिथे काय काय चालतं याची सगळी माहिती रोमला जाते. 1989 साली याचे नियम नव्याने घालून दिले. चर्च पुरेसं मोठं हवं, उपासना नीट आणि नियमित हवी, पापनिवेदन ऐकायला पुरेसे फादर हवेत, आणि त्या जागेला काहीतरी मोल हवं, म्हणजे एखाद्या संताचे अवशेष किंवा लोकांची श्रद्धा असलेली मूर्ती, किंवा मोठा इतिहास. बाकी कलमं मी इथे देत नाही. पण हे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली की यातलं जवळजवळ सगळं इमारतीबद्दल कमी आणि तिथे येणाऱ्या माणसांबद्दल जास्त आहे. पापनिवेदन ऐकायला जास्त फादर कधी लागतात? रांग लागते तेव्हा.

रांगेवरून बांद्रा.

माउंट मेरीला आमच्या घरात कोणी माउंट मेरी म्हणत नाही, मोत माउली म्हणतात. आठ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, त्याच्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते ती आठवडाभर. माझी मावशी बांद्र्याला राहायची त्यामुळे आमचं दरवर्षीचं ठरलेलं, वसईहून लोकल, बांद्रा स्टेशनवरून बेस्टने सोडलेली जत्रेची स्पेशल बस, आणि मग शेवटचा चढ चालत. सप्टेंबरचा पाऊस गेल्यासारखा वाटतो आणि नेमका त्या चढावर येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्टॉल, झेंडूचे हार, भाजलेले चणे, गोव्याकडची माणसं काड्यो-बोड्यो घेऊन बसलेली, तेच आपलं मालवणी खाजं. आणि मेणाच्या वस्तू.

त्या मेणाच्या वस्तूंसमोर मी लहानपणी खिळून उभी राहायचे. लाकडी टेबलावर प्लास्टिक अंथरून त्यावर रांगा लावलेल्या असतात. हात, पाय, डोळ्यांची जोडी, अख्खा माणूस, अख्खी बाई, बाळ, घर. साच्यातून काढलेल्या असल्यामुळे प्रत्येकीच्या बाजूने एक उंचवट्याची रेघ गेलेली असते, बोटाने चाचपली तर लागते. पायाची बोटं वेगळी केलेली नसतात, नुसत्या चार खाचा. घराला दोन खिडक्या आणि एक दार, दार बंदच. जो दुखणारा भाग आहे किंवा जी गोष्ट हवी आहे ती मेणाची घ्यायची आणि माउलीच्या पायाशी ठेवायची. एका वर्षी आमच्या पुढे एक बाई उभी होती, कपाळाला मोठं कुंकू, हातात हिरवा चुडा, बरोबर बहुतेक सासू असावी. तिने बाळ मागितलं. स्टॉलवरच्या म्हातारीने विचारलं, मुलगा देऊ का मुलगी? ती बाई पटकन म्हणाली, काहीही द्या हो मावशी, फक्त द्या. म्हातारीने तिच्याकडे एकदा बघितलं, दोन्ही बाळं कागदात गुंडाळली आणि पैसे एकाचेच घेतले.

हे दृश्य मी किती लोकांना सांगितलंय त्याला गणती नाही, कारण बॅसिलिका म्हणजे काय याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

मोत माउलीची कथा तशी उलथापालथीची आहे. जेझुइट फादरांनी सोळाव्या शतकात पोर्तुगालहून मूर्ती आणली आणि या टेकडीवर लहानसं प्रार्थनास्थळ केलं. 1700 च्या सुमारास अरब चाच्यांनी हल्ला केला, मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू खऱ्या सोन्याची समजून उजवा हातच तोडून नेला. पुढे मराठ्यांची वसईची मोहीम जवळ आली, तेव्हा ही उंचावरची मोक्याची जागा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून पोर्तुगीजांनी चर्च पाडून टाकलं. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. आम्हा वसईकरांना तो इतिहास दोन्ही बाजूंनी आपलाच वाटतो, तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या त्या आजही महाराष्ट्रातल्या देवळांत वाजतात, नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच, पण त्यावर लिहायला बसले तर हा लेख कधीच संपणार नाही.

मग 1760 च्या आसपास चर्च परत उभं राहिलं. आणि इथे कोळ्यांची कथा येते. एका कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात तुला मूर्ती सापडेल, आणि सापडली. कागदपत्रं पाहणारे काही वेगळं सांगतात, कोळीवाड्यात हेच सांगतात, आणि मला दोन्हीत भांडण दिसत नाही. मूर्ती पोर्तुगालहून आली असेल, ती माउली झाली ती इथल्या समुद्रातून वर आल्यावर. आजचं जे चर्च आपण बघतो ते 1904 सालचं, त्याची रचना शापूरजी चंदाभॉय या वास्तुतज्ज्ञाची, नावावरूनच कळतं पारशी. अजून एक पारशी नाव या जागेशी जोडलेलं आहे. माहीम आणि बांद्र्याच्या मध्ये खाडी होती, लोक होडीने जायचे, होड्या उलटायच्या. अवाबाई जमशेटजी जिजीभाय यांनी स्वतःचे दीड लाखाच्या वर रुपये दिले आणि माहीम कॉजवे झाला, 1845 ला तो खुला झाला. बांद्र्यात अजूनही सांगतात की मोत माउलीला केलेल्या नवसातून हे घडलं. नवसाचा दाखला कोणी दाखवणार नाही, कॉजवे मात्र तिथे आहे आणि आजही त्याच्यावरून आपण ट्रॅफिकमध्ये अडकत बांद्र्याला जातो.

म्हणजे बघा, मूर्ती पोर्तुगालची, स्वप्न कोळ्याचं, इमारत पारशी माणसाने आखलेली, रस्ता पारशी बाईच्या पैशातला, आणि बाळ मागायला आलेली बाई हिरव्या चुड्याची. हे सगळं होऊन गेल्यावर 1954 ला पोप पायस बारावे यांनी माउंट मेरीला बॅसिलिकेचा दर्जा दिला. ते वर्ष मरियेचं वर्ष म्हणून जगभर पाळलं जात होतं, त्यामुळे वेळही छान साधली. पण माझं म्हणणं असं की रोमने त्या दिवशी बांद्र्याला काही नवीन दिलं नाही. तिथे दीडदोनशे वर्षं जे चाललं होतं त्याच्याखाली मोहोर उमटवली. लोक आधी आले, मोहोर नंतर आली, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता कोणी म्हणेल, गर्दीवर पदवी मिळत असती तर माहीमच्या सेंट मायकल चर्चला पहिली मिळायला हवी. बरोबर आहे. दर बुधवारी तिथे जी नोव्हेना, म्हणजे मरियेची ठरलेली प्रार्थना, होते, 1948 पासून चालू आहे, तिला सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांचा लोट असतो, त्यात अर्ध्याहून जास्त तरी ख्रिस्ती नसतील असं दर वेळी वाटतं मला. आणि ते बॅसिलिका नाही. आमच्या वसईत तर चारशे वर्षांहून जुनी चर्च आहेत, नंदाखालसारखी, तिथे सणाला गावच्या गाव उतरतं. तीही साधी धर्मग्रामाची चर्चच. त्याने त्यांचं काहीही कमी झालेलं नाही. पदवी मागावी लागते, अर्ज करावा लागतो, आणि सगळेच मागत नाहीत. माझ्या दृष्टीने प्रत्येक बॅसिलिकेमागे लोकांची रीघ असायला हवी, पण प्रत्येक रीघेला बॅसिलिकेची पाटी लागली पाहिजे असं नाही.

भारतात बॅसिलिका सर्वात जास्त केरळात आहेत. तमिळनाडूतल्या वेलंकन्नीला 1962 साली मान मिळाला, तिथेही आठ सप्टेंबरच, आणि मुंबईहून, वसईहून माणसं भगव्या कपड्यात दोन दोन दिवस प्रवास करून जातात. एक मात्र मी मुद्दाम सांगते कारण मराठी वाचकांना ती नक्की आवडेल. मेरठजवळ सरधना नावाचं गाव आहे, तिथलं चर्च बेगम समरूने बांधलं. ही बाई फौज बाळगून होती, जहागीर सांभाळत होती, कॅथलिक झाली होती, आणि 1803 च्या असईच्या लढाईत, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यात, तिच्या पलटणी दौलतराव शिंद्यांच्या बाजूने होत्या. त्या लढाईतून तिची माणसं परत गेली आणि काही वर्षांनी तिने हे चर्च उभं केलं. 1961 ला ते बॅसिलिका झालं.

पण ज्या प्रश्नावरून मी सुरुवात केली ते लाल चर्च.

बॉम जेझू ही भारतातली पहिली बॅसिलिका, 1946 ची. बांधायला सुरुवात झाली 1594 ला, अभिषेक झाला 1605 ला. ज्यांचं शव इथे ठेवलंय ते धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर तेव्हा जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली होती. ते गेले 3 डिसेंबर 1552 ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्शियान बेटावर, चीनमध्ये शिरायची वाट बघत. शव आधी तिथेच पुरलं, मग मलाक्का, मग 1554 ला गोव्यात. ते जिवंतपणी आमच्या वसईतही येऊन गेलेले. 1614 ला उजवा हात कोपराखाली वेगळा करून रोमला नेला, 1622 ला संतपद मिळालं. इथे शव ज्या चांदीच्या पेटीत आहे ती 1637 च्या सुमारास गोव्याच्याच सोनारांनी घडवली. आणि ती पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा, मेडिची घराण्यातला, याने पाठवला. फॉजिनी नावाच्या शिल्पकाराने तो घडवला, काम दहा वर्षं चाललं, आणि 1698 ला तो इथे जोडला गेला. बदल्यात ड्यूकला काय मिळालं तर संताचं डोकं ज्या उशीवर होतं ती उशी. हा सौदा मला जगातला सर्वात सुंदर सौदा वाटतो.

गोव्यात फ्रान्सिस झेवियरांना गोंयचो सायब म्हणतात, हिंदू पण म्हणतात. दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन होतं, मागचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असं झालं. मी गेले होते. रांगेत माझ्या मागे सावंतवाडीचं एक कुटुंब होतं, आजोबांना व्हीलचेअरवर आणलेलं, आणि त्यांची सून सारखी सांगत होती, बाबा, पुढल्या खेपेला आपण परत येऊ. आजोबा म्हणाले, पुढल्या खेपेचं तुम्ही बघा, मी आता बघून घेतो. हेही सांगायला हवं की प्रदर्शनाच्या वेळी पेटी बॉम जेझूमधून मिरवणुकीने समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात आणि दर्शन तिथे होतं. म्हणजे मोठं कुठलं या प्रश्नाचं उत्तर गोव्याने आपल्या पद्धतीने देऊन टाकलंय, संत राहतात एका घरी आणि लोकांना भेटतात दुसऱ्या घरी.

ओल्ड गोव्यात चालताना एक गोष्ट मात्र छातीत रुतते. साथींनी शहर रिकामं झालं, राजधानी पणजीला गेली, आणि 1830 च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांना बाहेर काढलं. बॉम जेझूपासून पायी पाच-दहा मिनिटांवर सेंट ऑगस्टीनचं चर्च होतं, केवढं प्रचंड. ओस पडलं, 1842 ला छताची कमान कोसळली, 1931 ला दर्शनी भिंत पडली, आज अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. बॉम जेझू त्याच मातीत, त्याच पावसात, जवळपास त्याच काळातलं. मग ते का टिकलं? बांधलेलं भक्कम होतं, इतर कारणंही असतील, पण मला खात्री आहे की सायब तिथे होते आणि त्यांच्यासाठी माणसं येत राहिली म्हणून ते टिकलं. माणसं येत राहिली की कोणीतरी कौलं परततं, कोणीतरी झाडं उपटतं. वसईच्या किल्ल्यात आमची छपरं उडालेली चर्च आहेत ना, तिथे उभं राहिलं की हे जास्तच कळतं. तिथे आता कौलं परतायला कोणी नाही.

आणि आता भिंत. बॉम जेझू लाल दिसतं कारण ते जांभ्याचं आहे आणि जांभा उघडा आहे. पण ते लाल असायला नको होतं. मूळचं चर्च चुन्याच्या गिलाव्यात होतं, गोव्यातल्या बाकी सगळ्या चर्चसारखं. 1950 च्या सुमारास, म्हणजे पदवी मिळाल्यावर चारपाच वर्षांत, पोर्तुगालहून आलेल्या एका वास्तुतज्ज्ञाने तो गिलावा काढून टाकायला लावला. इमारत जुनी दिसावी, दगड दिसावा, अशी तेव्हाची फॅशन. साडेतीनशे वर्षं भिंतीने अंगावर घेतलेला तिचा कोट काढून घेतला आणि तेव्हापासून ती भिजतेय.

कोकणातल्या माणसाला जांभ्याबद्दल वेगळं सांगायला नको. खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने चिरा काढता येतो, हवा लागली की कडक होतो. पण तो सच्छिद्र, पाणी पितो. म्हणून तर आपल्याकडे पावसाच्या बाजूच्या भिंतीला गिलावा करतात नाहीतर झड येऊ नये म्हणून झापं बांधतात, छपराची वळचण पुढे काढतात. बॉम जेझूची भिंत जवळून बघा. मी बाजूच्या भिंतीला हात लावला तर तळव्याला तांबडी भुकटी लागली. चिऱ्यांच्या कडा गोल झाल्यात, मधली भोकं इतकी मोठी की करंगळी जाते, आत हिरवं शेवाळ. आणि दर्शनी भागावर खांब, चौकटी, नक्षी केलीय ती काळ्या दगडात, तो काळा दगड वसईकडून आणलेला. चारशे वर्षांनंतरही त्याची धार बोटाला लागते. काळी नक्षी जशीच्या तशी, तिच्या बाजूचा लाल दगड मात्र आत आत गेलेला, त्यामुळे नक्षी दरवर्षी थोडी जास्तच पुढे आल्यासारखी दिसते. आमच्या गावचा दगड इतकी वर्षं उभा आहे याचा अभिमान वाटला, आणि बाजूचा दगड झिजतोय म्हणून पोटात कालवलं.

2020 साली तिथल्या रेक्टर म्हणजे प्रमुख फादरांनी जाहीरपणे सांगितलं की पाणी भिंतीत मुरतंय, गिलावा परत करायला हवा. इमारत पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात संरक्षित स्मारक म्हणून आहे, 1986 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पाण्याचा बंदोबस्त हवा याबद्दल कोणाचं दुमत नाही, वाद आहे तो गिलाव्याचा. काही लोकांचं म्हणणं की आता सत्तर वर्षं लोक हे चर्च लालच बघतायत, पोस्टरवर लाल, सिनेमात लाल, टूरिस्टच्या प्रत्येक फोटोत लाल, हेच त्याचं रूप झालं. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही, माझ्या स्वतःच्या घरातल्या फ्रेममध्ये ते लालच आहे आणि ती फ्रेम मला आवडते. पण एका पिढीच्या फोटोसाठी साडेतीनशे वर्षांचा कोट विसरायचा का? ज्या माणसाने गिलावा काढला त्याने आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे काढला. आपण तीच आवड जपत बसलो तर भिंत आपल्या आवडीनिवडीची वाट बघणार नाही, तिचा जून ते सप्टेंबरचा हिशोब ठरलेला आहे.

मला विचाराल तर गिलावा परत यावा, चुन्याचाच यावा, सिमेंटचा अजिबात नको, कारण सिमेंट पाणी आत अडकवून ठेवतं आणि जांभा आतून सडतो. चुना श्वास घेतो. गोव्यात आणि कोकणात चुन्याचं काम येणारे गवंडी अजून आहेत पण म्हातारे होत चाललेत, त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं कमी. चुना भिजत ठेवावा लागतो, एक थर सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि पावसाळ्यात तर काही करताच येत नाही, म्हणजे वर्षाचे सहासात महिनेच हातात. एवढी मोठी इमारत, तिच्या प्रत्येक भिंतीची आधी तपासणी, ओल काढणं, खराब झालेले चिरे बदलणं, मग थर. पुढचं शवप्रदर्शन दहा वर्षांच्या हिशोबाने 2034 च्या आसपास येतं. तेव्हा ते काम झालेलं हवं असेल तर तपासणी याच हिवाळ्यात सुरू व्हायला हवी.